तुती, चेरी आणि ओला पुठ्ठा

१२ फेब्रुवारी

ताई,

हे पाचवं पत्र. आधीच्या चारांना तुझं उत्तर नाही, पण भावोजींचं कार्ड आलं होतं, दोन ओळींचं. ‘सगळे ठीक. तुझी ताई पत्रं वाचते, दोनदा वाचते, मग ड्रॉवरमध्ये ठेवते.’ तेवढ्या जोरावर पुन्हा लिहायला बसलेय. मी त्यांचं नाव सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर तेही लिहायचे बंद होतील.

पत्ता बदललाय, पाकिटाच्या मागे बघ. कुत्री फिरवायचं काम सुटलं. म्हणजे मीच सोडलं. एक कुत्रं फार म्हातारं होतं आणि त्याला कुठेच जायचं नसायचं, ते मधेच रस्त्यात बसायचं आणि मी त्याच्याशेजारी. त्यातून मालकिणीशी वाजलं. ते जाऊ दे.

आता मी वाइनच्या दुकानात आहे. बाबांनी विचारलं तर बाटल्यांच्या दुकानात म्हण, ते काही खोटं नाही. खाली तळघरात बाटल्या आडव्या झोपवलेल्या, वर दुकान आणि दुकानामागे एक पांढरी खोली. त्या खोलीत लांब टेबल, टेबलावर पांढरा कागद, वीस-पंचवीस ग्लास आणि पिकदाणी. हो, पिकदाणीच. इथे चाखतात आणि थुंकतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, लोकांना आवडत नाहीये.

माझं काम ग्लास धुणं, पुसणं, पुन्हा धुणं. मालकीण साठीच्या पुढची आहे, केस कापलेले, कानावर पेन्सिल. सगळे तिला नुसतं बाई म्हणतात. मंगळवारी सकाळी दहाला चाखणं असतं, कारण जेवणाआधी नाक सगळ्यात शहाणं असतं म्हणे. त्या दिवशी कोणी वासाचा साबण लावायचा नाही, अत्तर नाही, काही नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी डोक्याला छान घमघमतं तेल चोपडून हजर. बाईंनी दारातच नाक वर केलं आणि मला ग्लास धुवायच्या सिंकमध्ये डोकं धुवायला लावलं. ओल्या डोक्यानं मी ग्लास मांडत होते, तर म्हणाल्या, ‘आता आलीच आहेस तर बस.’

लाल वाइन होती, फ्रान्सची. बोजोले म्हणून तिथला एक भाग आहे, आणि द्राक्षाचं नाव गामे. बाटली वीस मिनिटं थंड पाण्यात बसवून आणली होती. लाल वाइन थंड करत नाहीत असं मला आचाऱ्यानं सांगितलं होतं (शेजारच्या खानावळीचा आचारी, रोज चाखायला येतो, त्याला सगळ्यात चेरीच लागते). बाई म्हणाल्या, ‘हिला जराशी करतात. ही लेकुरवाळी नाही, पोर आहे. हिला उन्हात बसवलं की चिडचिडी होते.’

ग्लास दांडीला धरायचा. पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघायचा. जांभळट लाल होता, कडेला गुलाबी. मग गोल फिरवायचा आणि नाक आत.

‘काय येतंय?’

‘वाइनचा वास येतोय.’

‘शाबास. आणि समुद्राला पाण्याचा येतो. परत हुंग.’

परत हुंगलं, ताई, आणि मला भिंतीपलीकडची तुती आली. आपण कारखान्यातल्या खोक्यांच्या चळतीवर चढून तोडायचो ती. तळहात जांभळे व्हायचे आणि बाबा पांढऱ्या पुठ्ठ्याला हात लावू द्यायचे नाहीत, तू मात्र कोपरानं पुठ्ठे सरकवायचीस. मी म्हटलं, ‘तुती.’

‘पिकलेली?’

‘पिकून खाली पडलेली. पण अजून कोणाचा पाय न पडलेली.’

बाईंनी कानावरची पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं असेल तर ते फक्त शाळेत, तक्रारवहीत.

तोंडात घेतल्यावर आधी चेरी, आंबटसर, जिभेच्या कडांना पाणी सुटतं. मग एक लिमलेटच्या गोळीसारखी झुळूक येते आणि जाते. शेवटी आलुबुखाराच्या सालीसारखं काहीतरी. जीभ कोरडी पडत नाही, घशात काही रुतत नाही. बाई म्हणाल्या, काही वाइनींत लाकूड पुढे असतं, काहींत वय पुढे असतं, हिच्यात फळ पुढे येऊन दार उघडतं. मग मला थुंकायला सांगितलं. मी गिळून बसले होते.

बाटली सवयीनं मोजली. उंची साडेएकोणतीस सेंटिमीटर, बुडाशी सव्वाआठ. खांदे उतरते आहेत, त्यामुळे साध्या खोक्यात मान हलत राहते. आत मानेभोवती कॉलर द्यायला हवी. इथली खोकी अगदीच बेकार आहेत, बाबा बघतील तर जेवणार नाहीत.

नळाचं झालं ते झालं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

ताई,

एक बातमी आहे, पण आधी मोज्यांचं सांगते.

चाखताना बाटलीवरचं नाव दिसू नये म्हणून इथे बाटल्यांना मोजे घालतात. खरेखुरे, पायातले. बाईंच्या नवऱ्याचे. ते वारले, त्यांचे मोजे एक टोपलीभर होते, एकेका जोडीला वेगळी नक्षी. ‘त्यांना हा उद्योग कधीच आवडला नाही,’ बाई म्हणाल्या, ‘पण आता मदत करतात बिचारे.’ टेबलावर बारा मोजे ओळीनं उभे असतात, जशी शाळेची प्रार्थना. आचारी प्रत्येकाला नमस्कार करतो.

आता बातमी. बाईंना एक हुंगणारी हवी आहे. म्हणजे असं की संध्याकाळी गिऱ्हाइकं पांढऱ्या खोलीत चाखायला बसतात. प्रत्येक बाटली उघडली की पाहुण्यांच्या ग्लासात जायच्या आधी आपल्यापैकी एकीनं हुंगून बघायची. बरी असेल तर मान डोलवायची, बिघडली असेल तर गुपचूप मागे न्यायची. आजवर बाई स्वतः करायच्या. आता त्यांना दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागतो.

‘तुझं नाक आहे,’ मला म्हणाल्या. ‘बाकीची कुठे असतेस ते मला माहीत नाही, पण नाक इथे असतं.’

अठरा एप्रिलला माझी परीक्षा. बारा ग्लास, बारा मोजे, त्यातली एक बाटली बिघडलेली. ती ओळखायची. ओळखली तर काम कायमचं, आणि दुकानावरची खोली राहायला. खिडकी आहे, कपाट आहे, दाराला पत्रपेटी आहे. ताई, मी सहा महिन्यांच्या वर कुठे टिकलेली नाही हे तुला मी सांगायला नको. घर सोडल्यापासून हा सहावा पत्ता. कधीकधी वाटतं, तू उत्तर लिहिलंही असशील आणि ते माझ्या मागून मागून फिरत असेल. पत्रपेटी असलेलं दार मिळालं तर निदान तेवढं कारण उरणार नाही. म्हणून ही परीक्षा मला द्यायची आहे. पहिल्यांदाच कशातून तरी पास व्हावंसं वाटतंय.

दोन-दोन वास रोज घरी शिकते. म्हणजे मसाल्याच्या डब्या आणि फळं डोळे मिटून हुंगते. घरमालकीण समजते मला काहीतरी झालंय.

तुझ्या हातांचं पुरळ बरं आहे ना? पुठ्ठे चिकटवायच्या खळीला हात लावत नाहीस ना?

भिंगरी


११ मार्च

ताई,

तोंडावर पडले.

काल संध्याकाळी सहा जणांचं टेबल होतं. बाई म्हणाल्या, ‘चल, आज तू हुंग, सराव होईल.’ तीच बोजोले. पहिली बाटली हुंगली, तुती, चेरी, सगळे हजर. मान डोलावली. दुसरी उघडली, हुंगली, आणि खरं सांगते, पहिलीपेक्षा बरी वाटली. शांत. कोणी पुढे पुढे करत नव्हतं. जोरात मान डोलावली आणि वर तोंडानं म्हटलं, ‘ही तर फारच छान आहे.’

त्यांनी घेतली. पाहुण्यांत एक बाई होत्या, त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला, मग रुमालानं ओठ टिपले. त्यांच्या नवऱ्यानं माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. एक जण म्हणाला, ‘यात फळ कुठेय?’ तेव्हा आमच्या बाई आल्या, ग्लास उचलला, नाकाजवळ नेला न नेला आणि बाटली घेऊन सरळ मागे. पाहुण्यांना नवी उघडून दिली. मग मला तळघराच्या पायरीवर बोलावलं.

‘तुला आला नाही?’

‘काय?’

‘ओल्या पुठ्ठ्याचा वास. बुचामुळे होतं असं कधीकधी. बूच खराब असलं की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि फळ मरतं. हा सगळ्यात सोपा बिघाड आहे, मुली. रस्त्यावरच्या माणसाला कळतो.’

‘पण यात वाईट काय आहे?’ मी म्हटलं. ‘घरासारखा वास आहे.’

‘कोणाच्या घरासारखा?’

मग मी सांगितलं. पुढे कारखाना, मागे आपण. उन्हाळ्यात वाळत घातलेले पुठ्ठे, हिवाळ्यात न वाळणारे. खळीचा ड्रम. आपल्या शाळेच्या डब्यालासुद्धा तोच वास असणार, आपल्याला कधी आला नाही इतकंच. आचारी तिथेच उभा होता. तो इतका हसला की त्याला खोक्यावर बसावं लागलं, आणि इथलं खोकं, बसल्या बसल्या दबलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘जगात इतके वास आहेत आणि तू नेमकी त्या एकाला आंधळी. अठरा एप्रिलला तोच असणार आहे, दुसरा बिघाड मी ठेवत नाही. बघ काय करायचं ते.’

रात्री अंथरुणात आठवलं, भावोजी पहिल्यांदा घरी आले होते तेव्हा चहाचा कप हातात घेऊन किती अदबीनं म्हणाले होते, ‘कुठेतरी पाणी गळतंय का?’ आणि बाबा लगेच शिडी लावून छपरावर गेले. चहा गार होईपर्यंत वर होते. पन्हळ तपासली, कौलं तपासली, खाली येऊन म्हणाले, ‘काही गळत नाही, तुमचा भास आहे.’ तू तोंडावर पदर धरून आत पळालीस. आपल्याला तेव्हा वाटलं, माणूस जरा वेडा आहे. तो एकटा शहाणा होता.

तर ताई, एक काम आहे. भावोजींना विचार, तो वास नक्की कसा होता. आपल्या दोघींना विचारून उपयोग नाही. आणि आपल्या पुठ्ठ्याचा एक तुकडा पाठव. कसलाही, कातरणीतला चालेल. तो ओला करून समोर ठेवीन आणि शिकेन. इथला पुठ्ठा करून बघितला, पण तो वेगळा आहे, त्याला आपली खळ नाही.

मला माहीत आहे, मी मागायच्या जागी नाही. बाबांनी तुझ्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या तेव्हा मी तिथे होते, हातात झाडू घेऊन. मी काही बोलले नाही. मला कोणी विचारलंच नाही, असं मी इतके दिवस मनाशी म्हणत आलेय.

भिंगरी


२९ मार्च

ताई,

खोकं मिळालं.

मला वाटलं होतं पाकिटात एखादा तुकडा येईल, तर तू अख्खं खोकंच पाठवलंस. पत्र शोधलं, आत हात घालून, उलटं करून आपटून. नाही. आत फक्त गोल भोक पाडलेला एक पुठ्ठा होता, वाटेत दबू नये म्हणून घातला असशील. तो मी सिंकवर ठेवलाय, भोकात दात घासायचा ब्रश छान उभा राहतो.

धीर नव्हता. उभ्या उभ्या वरच्या झाकणाची एक बाजू फाडली, ग्लासात घातली, वर पाणी, वर बशी. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लास घेऊन दुकानात गेले आणि पांढऱ्या खोलीत बसून हुंगलं. काही नाही. पाण्याचा वास. पुन्हा हुंगलं. काही नाही. म्हटलं, आपला पुठ्ठा चांगला आहे, त्याला वासच नाही.

तेवढ्यात बाई दारातून ओरडल्या, ‘कुठली बाटली गेली?’

‘कुठलीच नाही. ही मी आहे.’

त्यांनी ग्लास घेतला, लांबूनच, आणि हात लांब करून परत दिला. ‘अरे देवा. यात वाढलीस तू?’ मग माझ्या शेजारी बसल्या. त्यांची विचार करायची रीत अशी आहे की पेन्सिलीनं टेबलावर ठिपके काढतात. दहा-बारा ठिपके झाल्यावर म्हणाल्या, ‘तुला हा वास कधी येणार नाही. तो शोधायचं सोड. त्याच्यामुळे कोण येईनासं होतं ते बघ. तुती आली का? चेरी आली का? लिमलेटची गोळी? हजेरी घे. ज्या ग्लासात कोणी नाही, तो बिघडलेला.’

तेव्हापासून रोज हजेरी घेतेय. आचारी मदत करतो, म्हणजे मधेमधे बोलतो. मी म्हणते ‘तुती’, तो म्हणतो ‘हजर बाई’. मी म्हणते ‘चेरी’, तो म्हणतो ‘मीच चेरी’. पण उपयोग होतो. फळ पुढे असलेल्या वाइनीत हे सोपं आहे, कारण फळ नसलं की सगळं घरच रिकामं वाटतं.

हे पत्र बंद करता करता एक गोष्ट. तो भिजलेला तुकडा फेकायला काढला तर त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची खूण दिसली, तिरपी, बरोबरची. तुझी. खोकं तपासून पाठवायच्या आधी तू करतेस ती. पाण्यात राहूनही गेली नव्हती. मला वाटलं होतं किल्ल्यांबरोबर तपासणीही तुझ्याकडून गेली असेल. की हे एकच खोकं तू तपासलंस?

वाळवून ठेवलाय तो तुकडा.

भिंगरी


१९ एप्रिल

ताई,

काल परीक्षा झाली.

सकाळी बिनवासाच्या साबणानं अंघोळ. बारा मोजे. पहिल्याला पट्टे, दुसऱ्याला ठिपके, सातव्याला अंगठ्याशी भोक. बाई समोर बसल्या, पेन्सिल कानावर. आचाऱ्याला बाहेर काढलं होतं, तो काचेतून बघत होता.

पहिला ग्लास: तुती हजर, चेरी हजर. दुसरा: चेरी, रासबेरी, थोडी मिरी. तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांत कोणी ना कोणी होतं. पाचव्यात इतकी स्ट्रॉबेरी होती की जणू जत्राच. सहाव्यात गोंधळ झाला, फळ होतं पण मागे उभं होतं. दोनदा हुंगलं. लाजरं होतं, पण होतं.

सातवा नाकाशी नेला आणि माझे खांदे खाली आले. दमून घरी आल्यावर येतात तसे. बरं वाटलं, ताई. इतकं बरं वाटलं की डोळे मिटले. आणि मग एकदम लक्षात आलं, मला बरं वाटतंय म्हणजेच काहीतरी चुकलंय. हजेरी घेतली. तुती नाही. चेरी नाही. आलुबुखाराची सालसुद्धा नाही. कोणी नव्हतं. आपलं घर होतं, आणि त्यात कोणी नव्हतं.

उरलेले पाच नीट हुंगले, उगाच घाई नको म्हणून. मग म्हटलं, ‘सातवा.’

‘कशावरून?’

‘यात मला बरं वाटलं.’

बाईंनी भोकवाला मोजा खाली ओढला, बूच हुंगलं, मान डोलावली. आचाऱ्यानं बाहेरून टाळ्या वाजवल्या आणि त्याचं काहीतरी करपलं म्हणून पळाला. खोलीची किल्ली मला मिळाली. एक साधी किल्ली, तारेत अडकवलेली. ती हातात घेतली आणि उभी राहिले. बाई म्हणाल्या, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, एक पत्र लिहायचंय.’

तर हे ते पत्र.

नळ मी सुरू ठेवला होता. खळीचा ड्रम भरायला लावला आणि समोर ती जुनी चिमणी पाडत होते ते बघायला गेले. एकेक वीट उतरवत होते. तिथून पुढे एका ट्रकवाल्याशी बोलत बसले, त्याच्याबरोबर विटा टाकायच्या जागेपर्यंत गेले, आले ती दिवेलागणीला. तोवर तू पुढून कुलूप लावून गेली होतीस. मागच्या बाजूला तू का जाशील, ड्रम तुझा नव्हताच. मी परतले तेव्हा नळाची मला आठवणही नव्हती. सकाळी दार उघडलं तेव्हा झाली. आठशे खोकी बुटांची, मागच्या दाराशी लावलेली, खालच्या चळती पाण्यात बसल्या होत्या आणि वरच्या त्यांच्यावर कलल्या होत्या. बाबा एक ओलं खोकं हातात घेऊन उभे होते, ते हळूहळू त्यांच्या हातातच उलगडलं. म्हणाले, ‘कुलूप तू लावलंस.’ तुला म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. मी झाडायला लागले.

चौथ्या दिवशी मी निघाले. तू रागावलीस म्हणून निघाले असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तू रागावली नव्हतीस. तू वाट बघत होतीस. तुला ठाऊक होतं, कारण खळीनं तुझ्या हातांना पुरळ येतं आणि त्या ड्रमला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. एका वाक्यात तू बाबांना हे सांगू शकली असतीस. अडीच वर्षं तू ते वाक्य माझ्यासाठी ठेवलंस, आणि मी तुला मोज्यांच्या गोष्टी लिहीत बसले.

सोबत बाबांच्या नावचं पत्र आहे, उघडं. आधी तू वाच. त्यात नळ, ड्रम, चिमणी, ट्रक सगळं आहे, तुझ्याबद्दल एकच ओळ आहे की कुलूप तू बरोबर लावलं होतंस. ते तू त्यांना द्यायला संकोचशील, म्हणून तेच पत्र आज वेगळं, थेट त्यांच्या नावानं टाकलंय. माझ्यावर माझा भरवसा नाही, म्हणून आधी ते टाकून आले आणि मग हे लिहिलं.

भिंगरी


४ मे

ताई,

हे पत्र खोक्यात ठेवतेय.

भावोजींचं कार्ड आलं. ‘बाबांनी पत्र माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि छपरावर गेले. तुझ्या ताईनं अजून उचललेल्या नाहीत, पण टेबल पुसताना बाजूला सरकवून पुसते.’ ते घरी आहेत हे किती बरं आहे. नाहीतर आपलं घर कसं चाललंय ते कोणाला कळलं असतं?

नव्या खोलीत सामान लावत होते. सामान म्हणजे एक पिशवी. दात घासायचा ब्रश तुझ्या भोकवाल्या पुठ्ठ्यातून काढला आणि बाईंनी बक्षीस दिलेली बोजोलेची बाटली शेजारी होती, तर सहज ते भोक बाटलीच्या मानेवरून खाली सोडलं. खांद्यांवर अलगद जाऊन बसलं. हललं नाही. मग मी खाली जाऊन फूटपट्टी आणली. खोक्याचं आतलं माप: पावणेनऊ, पावणेनऊ, तीस. प्रत्येक मापात अर्धा सेंटिमीटर मोकळीक, बाबांच्या नियमाप्रमाणे. बाहेरचं माप खोक्याचं, आतलं वस्तूचं.

मी बाटलीचं माप फेब्रुवारीत लिहिलं होतं, एका ओळीत, तेही खोक्यांना नावं ठेवताना. तुकडा मागितला मार्चमध्ये. म्हणजे मी मागायच्या आधीच तू ती ओळ वाचून जपून ठेवली होतीस, मग तिच्या मापानं कॉलर कापलीस, खूण केलीस. उत्तर आलं होतं, ताई. मी ते फाडून पाण्यात घातलं, आणि उरलेल्यात ब्रश उभा केला.

म्हणून ही बाटली त्याच खोक्यातून पाठवतेय. वीस मिनिटं थंड पाण्यात ठेव, जास्त नाही. मोठे ग्लास नसतील तर काचेचे साधे पेले चालतील, फक्त अर्धेच भर, नाकाला जागा राहू दे. बाबा घेणार नाहीत. त्यांना नुसतं हुंगायला दे आणि विचार, भिंतीपलीकडची तुती येते का. ते नाही म्हणतील. दुसऱ्यांदा ग्लास मागतात का बघ.

वरच्या झाकणाची एक बाजू वेगळी दिसेल. फाटलेला तुकडा वाळवून चिकटवलाय, तुझी खूण तशीच आतल्या बाजूला ठेवून. जोड ओबडधोबड आहे, ओलीची लाट उठलेली आहे. ते वाटेत फाटलेलं नाही आणि टपालवाल्याची चूक नाही. मी फाडलंय.

आणि उघडल्यावर पहिला ग्लास भावोजींना दे. त्यांनी मान डोलावली तरच तू घे. त्यांनी पाणी गळतंय का विचारलं तर बाटली परत पाठव, मी दुसरी देते. तू घाईनं बरी आहे म्हणू नकोस. आपल्या दोघींना कळायचं नाही.

पत्ता तोच राहणार आहे.

भिंगरी